आत्याबाईंची ट्रंक आणि रमाबाई

आमच्या घरात माझ्या छंदाला सरळ रद्दी म्हणतात. मोठा मुलगा तर पाहुण्यांसमोरही बोलतो, लोकांच्या आया सोनं जमवतात, आमची आई पिवळे कागद जमवते! मी काही बोलत नाही. कारण ते कागद खरंच पिवळे आहेत आणि त्यांचा वास अगदी जुन्या ट्रंकेचा आहे.

मैत्रिणींनो, माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले विणकामाचे आणि भरतकामाचे नमुने आहेत. काही इंग्रजी पत्रकं आहेत. त्यात सैनिकांसाठी विणायचे मोजे, कानटोप्या, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे, बिनबाह्यांचे स्वेटर. काही मराठी मासिकांतून फाडलेली पानं आहेत, चौकड्यांवर फुल्या मारून काढलेले मोर आणि वेली. तेव्हा कागदाची टंचाई होती, त्यामुळे अक्षरं इतकी बारीक की मला आता भिंग घ्यावं लागतं. एका पत्रकात जुना स्वेटर कसा उसवावा ते सांगितलंय. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, लडी बांधायच्या, धुवायच्या आणि खाली वजन लटकवून वाळवायच्या, म्हणजे तिचे वेटोळे सरळ होतात आणि ती नव्यासारखी विणता येते. मी करून पाहिलंय, होतं तसं! इंग्लंडात १९४१ मध्ये कपड्यांवर रेशन आलं होतं. आपल्याकडेही कापडावर नियंत्रण आलं. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणायच्या, ते तेव्हापासूनचं.

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत हे इंग्रजी कागद आले कसे? त्याला कारण आमच्या आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आत्या. पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. मी १९८६ मध्ये लग्न होऊन या घरात आले, तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. पांढरं लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात सतत काही तरी शिवणं. त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. लग्नानंतरच्या दुसऱ्याच दिवाळीत घर झाडताना मी त्या ट्रंकेतली वरची दोन गठ्ठे कागदं रद्दीवाल्याला दिली. नवी सून, उत्साही! विचारलं नाही कुणाला. आत्याबाई ओट्यावर बसून बघत होत्या. तराजूत कागद ठेवताना मी त्यांच्याकडे पाहिलंही, पण त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतरही कधी बोलल्या नाहीत. तीन वर्षांनी त्या गेल्या. ट्रंक उघडली तर तळाशी एक जाड वही होती, शिवणाच्या नमुन्यांची. प्रत्येक पानावर कापडाचा चौकोनी तुकडा टाचलेला, त्यावर धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, साखळी टाका. आणि पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवलेलं एक टपाल तिकीट. त्यावर एका बाईचा चेहरा. रमाबाई रानडे.

ते तिकीट १९६२ चं, रमाबाईंच्या जन्मशताब्दीचं. वही त्याच्या पंचवीस वर्षं आधीची. म्हणजे इतक्या वर्षांनी पोस्टातून तिकीट आणून आत्याबाईंनी ते पत्रावर न लावता शिवणाच्या वहीवर लावलं. का? तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. जिथे मिळतील तिथून असे जुने नमुने गोळा करते आणि रमाबाईंविषयी जे हाती लागेल ते वाचते.

रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून. २०१२ मध्ये टीव्हीवर उंच माझा झोका ही मालिका लागली आणि घरोघरी छोटी रमा पोचली. पण मालिकेच्या पलीकडच्या रमाबाई मला जास्त आवडतात, पन्नाशीतल्या, चष्मा लावून हिशेब बघणाऱ्या.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावातल्या कुर्लेकरांची ही लेक, माहेरचं नाव यमुना. १८७३ मध्ये तिचं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची आणि महादेव गोविंद रानडे एकतिशी ओलांडलेले, विधुर. विधवाविवाहाची बाजू घेणाऱ्या या सुधारकानं आता विधवेशीच लग्न करावं, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी घाईघाईनं कुमारिका शोधली आणि रानडे वडिलांपुढे वाकले. मला हे कधीच पचलं नाही, आजही पचत नाही. मोठा माणूस होता म्हणून त्याची ती गोष्ट लहान होत नाही. रमाबाईंनी मात्र आपल्या आठवणींत त्याबद्दल तक्रारीचा एक शब्द लिहिला नाही.

लग्न झालं आणि लगेच पाटी हातात आली. नवरा शिकवायला बसला. आणि इथून घरात लढाई सुरू झाली. सासू, नणंद, नात्यातल्या विधवा बायका असं मोठं कुटुंब. बायकांनी वाचणं म्हणजे घराला बट्टा. सून शिकायला बसली की टोमणे, शिकून आली की अबोला. पुढे पुण्यात मिस हरफर्ड या मडमेकडे त्या इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा विटाळ झाला म्हणून धडा संपल्यावर आंघोळ करायची. एका बाजूला नवऱ्याचा धाक, अभ्यास झाला का? दुसऱ्या बाजूला बायकांचं राज्य. मधे ही मुलगी. आपल्यापैकी किती जणींना हे वाचताना आपलं स्वयंपाकघर आठवेल!

आपल्या खानदेशाशीही त्यांचा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा काळ. पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळाले, सरकारला सगळ्या शिकलेल्या ब्राह्मणांचा संशय, आणि रानड्यांची अचानक बदली झाली ती धुळ्याला. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो धुळ्यापासून वेगळा झाला १९९८ मध्ये. तेव्हा सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा, कचेरी धुळ्यात. म्हणजे आमच्या ब्राह्मणपुरीचाही कारभार तिथूनच! धुळ्यात रानड्यांवर पाळत होती, त्यांची पत्रं फोडून वाचली जायची. सतरा-अठरा वर्षांची रमाबाई त्या घरात होती. जिथं आपल्या घरी आलेलं पत्र आधी दुसऱ्यानं वाचलेलं असतं, तिथं लिहिणं-वाचणं किती धोक्याचं आणि किती मोलाचं, हे तिला तेव्हाच कळलं असणार असं मला वाटतं.

१८८४ ची गोष्ट. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावं म्हणून सभा भरली, गव्हर्नर आलेले. रमाबाईंनी उभं राहून इंग्रजीत निवेदन वाचलं. बावीस वर्षांची बाई, नऊवारीत, परक्या पुरुषांसमोर, परक्या भाषेत! ते हायस्कूल झालं, तीच आजची हुजूरपागा. घरी आल्यावर मात्र स्वागत कसलं? बायकांनी धुसफूस केली, टाकून बोलल्या. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही. ही त्यांची सवयच होती. त्या कुणाशी भांडत नव्हत्या आणि केलेलं मागेही घेत नव्हत्या.

१८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा एक क्लब काढला. नाव इंग्रजी आणि भारदस्त, हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब. त्यात भाषा शिकवायचे, सामान्यज्ञान शिकवायचे आणि जोडीला शिवणकाम, हातकाम. माझ्या मते खरी मेख इथे आहे. सुईला कुणाचा विरोध नसतो. पाटी घेऊन निघालेली सून खटकते, कापडाची पिशवी घेऊन निघालेली सून कुणाला खटकत नाही. त्याच पिशवीत पुस्तकही मावतं. रमाबाईंनी असं कुठे लिहिलंय म्हणून मी सांगत नाही. मी माझ्यावरून सांगतेय. मला लग्नानंतर कॉलेजला जायचं होतं, घरात नको म्हणाले. शिवणक्लासला जाऊ का विचारलं तर लगेच हो. त्या क्लासच्या रस्त्यावरच शहाद्याचं वाचनालय होतं. पुढचं सांगायला नको.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई एकोणचाळिशीच्या आत विधवा झाल्या. मूलबाळ नव्हतं. पुण्याच्या जुन्या घरात त्या जवळजवळ वर्षभर कोंडून घेतल्यासारख्या राहिल्या. मोठ्या माणसाची विधवा म्हणून मानानं बसून राहता आलं असतं. पण त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या. दवाखान्यात फळं घेऊन जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईला महिलांची मोठी परिषद भरली, तिच्या अध्यक्ष झाल्या. १९१० मध्ये त्यांचं आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी हे पुस्तक आलं. नवऱ्याच्या आठवणी म्हणून लिहिलेलं, पण त्यातून तीच जास्त दिसते.

आणि १९०९ मध्ये पुण्यात रानड्यांच्याच वाड्यात सेवासदन सुरू झालं. मुंबईचं सेवासदन त्याच्या एक वर्ष आधीचं, मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी काढलेलं. पुण्यात रमाबाई आणि गोपाळ कृष्ण देवधर. मोठ्या वयाच्या बायकांसाठी प्राथमिक शाळा, शिवणाचे वर्ग, शिक्षिका तयार करणारं कॉलेज, आणि सगळ्यात धाडसाची गोष्ट म्हणजे नर्सचं शिक्षण. परक्या पुरुषाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, आणि तेही विधवा बाईनं! लोकांनी नावं ठेवली. रमाबाई स्वतः घरोघरी जाऊन आईवडिलांना समजावत होत्या.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातली गोष्ट मी कितीदा वाचली असेल. एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. केशवपन केलेलं, डोक्यावर पदर. समोर कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी हुर्यो केली, टाळ्या पिटल्या, शिट्ट्या वाजवल्या. समारंभ आटोपताना रमाबाई उठल्या. एरवी कधी उलट न बोलणारी ही बाई. त्यांनी त्या मुलांना चांगलंच सुनावलं. तुम्ही शिकलेले म्हणवता आणि दैवानं नि रूढीनं पिचलेल्या मुलीची टर उडवता, तुमच्याही घरात अशी एखादी बहीण असेल, आई असेल, अशा अर्थाचं त्या बोलल्या. सभागृह चिडीचूप झालं. मी हे वाचलं तेव्हा मला ती मुलगी आत्याबाईंसारखी दिसायला लागली. आत्याबाईंच्या डोक्यावर मात्र केस होते. तेवढी वर्षं मधे गेली होती, आणि ती आपोआप गेली नव्हती.

सेवासदन पाच वर्षांचं होतं तेव्हा पहिलं महायुद्ध लागलं. आपले मराठा पलटणीचे जवान मेसोपोटेमियात गेले, म्हणजे आजच्या इराकमध्ये. मुंबईत गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं बायकांची मदतफंडाची शाखा निघाली आणि सगळ्या जातिधर्मांच्या बायका एकत्र बसून सैनिकांसाठी, इस्पितळांसाठी कपडे शिवू लागल्या. जगभर हेच चाललं होतं. खंदकातल्या चिखलात दिवसचे दिवस उभं राहून सैनिकांचे पाय सडायचे, कोरडे मोजे ही जीव वाचवणारी वस्तू झाली होती. मोजाच्या चवड्याशी शिवण आली तर ती चालताना टोचते, म्हणून टाके सुईनं असे गुंफतात की जोड कळतच नाही. त्या टाक्याला किचनेर टाका म्हणतात. हे किचनेर म्हणजे ब्रिटनचे युद्धमंत्री, त्याआधी १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती. त्यांनी स्वतः सुई हातात धरली असेल असं मला वाटत नाही! पण नाव त्यांचं, विणणाऱ्या बायकांची नावं कुणाला माहीत?

युद्धाच्या निमित्तानं भरलेल्या परिषदेत रमाबाई स्त्रियांच्या वतीनं गव्हर्नरांशी बोलल्या. आज कुणी म्हणेल, त्या इंग्रजांच्या बाजूच्या होत्या. मलाही सुरुवातीला ते खटकलं. पण त्याच रमाबाई फिजी आणि केनियातल्या हिंदी मजुरांसाठी बोलत होत्या. पुण्यात मुलींचं प्राथमिक शिक्षणही मुलांसारखंच सक्तीचं करा म्हणून त्या उभ्या राहिल्या, आणि तिथे विरोधात आपलेच मोठमोठे पुढारी होते. बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणूनही त्या झटल्या. जिथे बायकांचं काम होईल त्या दारात त्या जात होत्या, दार कुणाचं हे नंतर बघत होत्या. बरोबर की चूक, ते तुम्ही ठरवा. मला वाटतं, ज्याच्या हाती सत्ता नाही त्याला दार निवडायची चैन नसते.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. तेव्हा सेवासदनात हजाराहून जास्त बायका-मुली शिकत होत्या.

आत्याबाई तिथे गेल्या त्यानंतर तेरा वर्षांनी, १९३७ मध्ये. सासरे सांगायचे, त्यांच्या आजोबांनी आधी साफ नकार दिला होता. विधवा लेक, पुण्याला, एकटी? मग कुणीतरी सांगितलं की तिथं शिवण शिकवतात. आजोबा विचारात पडले. शिवण शिकून आली तर घरातले सदरे-बंड्या तरी शिवेल, कुणावर ओझं होणार नाही. गेल्या. तीन वर्षांनी परत आल्या त्या शिवण शिकूनच, पण सोबत व्हर्नाक्युलर फायनलचा दाखलाही होता. धुळ्याला शाळेत मास्तरीण झाल्या. पगार स्वतःच्या हातात.

तिकडे दुसरं महायुद्ध सुरू झालेलं. नवापूर-नंदुरबारकडे तेव्हा परदेशी मिशनरी होते. त्यांच्यातल्या कुणाकडून ती इंग्रजी पत्रकं आत्याबाईंकडे आली असावीत. खाकी लोकरीचे मोजे त्यांनी विणून दिले, हे नक्की. कारण एका पत्रकाच्या मागे पेन्सिलीनं मोडीत हिशेब लिहिलाय. मला मोडी येत नाही, शहाद्याच्या एका निवृत्त तलाठी काकांकडून वाचून घेतला. किती लोकर आली, किती जोड झाले, किती लोकर उरली. उरलेल्या लोकरीचं एक कुंची-टोपडं झालं, कुणाच्या तरी बाळासाठी. सासऱ्यांचा जन्म त्याच वर्षीचा.

मी विणून पाहिले ते मोजे. चार सुयांवर, गोल. वरची पट्टी दोन सुलट दोन उलट, ती सोपी. मग पोटरी, टाके कमी करत जायचे. मग येते टाच. टाच वळवणं हीच मोजाची सगळी विद्या. अर्धे टाके बाजूला ठेवायचे, उरलेल्यांवर पुढे-मागे विणत पट्टी करायची, मग मधूनच उलटं वळायचं, पुन्हा वळायचं, प्रत्येक वेळी एक टाका जोडून घ्यायचा, आणि सपाट कापडाची आपोआप वाटी होते. सांगायला सोपं. पण त्या पत्रकाचं पहिलं पान माझ्याकडे आहे, दुसरं नाही. पहिलं पान नेमकं टाचेशी येऊन संपतं. दुसरं पान त्या दिवाळीत तराजूत गेलं असणार. दुसऱ्या पुस्तकातून मी टाच शिकले, पण ती आत्याबाईंची टाच नाही. त्यांनी विणलेला एक मोजा ट्रंकेत निघाला होता, एकटाच. त्याची टाच माझ्या टाचेपेक्षा खोल आहे, आणि टाके मोजून मोजूनही मला ती जमत नाही.

माझ्याकडे आता शिवणाला गल्लीतल्या सहा मुली येतात. त्यातल्या एकीच्या घरून निघताना रोज कटकट होते, पण शिवणाला जाते म्हटलं की सोडतात. तिच्या पिशवीत पोलीस भरतीचं पुस्तक असतं. मी बघितलं आहे. तिला माहीत आहे की मी बघितलं आहे.

तर मैत्रिणींनो, माळ्यावर, कोठीत, आजीच्या पेटीत असे कागद असतील तर रद्दीत देण्याआधी एकदा उलगडून बघा. खाकी मोजाचं चित्र, खाली बारीक इंग्रजी अक्षरं, आणि सुरुवातच टाचेपासून होत असेल, तर ते पान माझं आहे. मूळ नको, झेरॉक्स चालेल.